चार पावलं पुढे

आमोस मास्तर भिंगारदिवे आणि त्यांच्या पत्नी लिडियाबाई ही दोघं डोंगर चढायची. त्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. डोंगर गुराखी चढतो, मोळी विकणारी बाई चढते. खरं आहे, पण त्यांना पोट चढवतं. देवाला जाणाऱ्याला नवस चढवतो. ही दोघं कसलंही कारण नसताना चढायची. आणि त्या काळच्या नगरात साठीच्या माणसानं बायकोला बरोबर घेऊन विनाकारण डोंगर चढणं म्हणजे डोक्यावर परिणाम झाल्याचंच लक्षण. भिंगारच्या रस्त्यावर ख्रिस्ती लोकांची एक आळी होती, तिथं ती राहायची. थंडी पडायला लागली आणि लिडियाबाईंच्या घरातून दशम्यांचा वास आला, की आळी समजायची, निघाली जोडी. समोरची एक म्हातारी तर तोंडावर सांगायची, की मास्तर, दुरून डोंगर साजरे, घरी बसा आणि नातवंडं खेळवा. मास्तर हसायचे आणि वहाणांना तेल लावायला बसायचे.

गावोगावी तर निराळीच तऱ्हा. डोंगराच्या पायथ्याला पोचलं, की लोक विचारायचे, नवस फेडायला आलात का? नाही. मग जमीन मोजायला? तेही नाही. गुरं हरवलीत का? मग आलात कशाला? मास्तर म्हणायचे, वर काय आहे ते बघायला. लोक म्हणायचे, वर काही नाही. मास्तर म्हणायचे, तेच बघायचंय. बेचाळीस सालच्या धामधुमीत पाथर्डीकडच्या एका गावात हवालदारानं त्यांना पकडून बसवलं. म्हातारा-म्हातारी चोरून पत्रकं वाटत फिरतात असा त्याचा संशय. गाठोडं सोडायला लावलं, तर आत दशम्या, कांदे आणि तिखटजाळ कारळाची चटणी. हवालदारानं चटणीचा वास घेतला आणि शिंका देत देत दोघांना सोडून दिलं.

त्यांच्या चालण्याची एक रीत होती. मास्तर पुढे आणि लिडियाबाई चार पावलं मागे. पुढच्यानं वाटेत जे असेल ते मागच्याला सांगायचं. "दगड." "हलतोय." "काटा उजवीकडे." "बसून उतर." एवढंच, मोजकं, वर्गात शुद्धलेखन सांगावं तसं खणखणीत. आणि मागच्यानं बोलायचं नाही. मागचा बोलला, की पुढच्याचं लक्ष मागे जातं आणि पाय चुकतो, हे मास्तरांचं ठाम मत. बोलायचं ते पाणी प्यायला बसल्यावर. लिडियाबाई घरात काही कमी बोलणाऱ्या नव्हत्या, भाजीवाली त्यांना वचकून असायची, पण वाटेला लागल्या की तोंडातून ब्र काढायच्या नाहीत.

ही रीत पडली त्याला सदतीस वर्षं झाली होती. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. मास्तर तेवीस वर्षांचे. नवी नोकरी अकोले तालुक्यात, राजूरच्याही पलीकडच्या एका वाडीत, मिशनच्या शाळेवर. लिडिया वाढलेली भिंगारच्या सपाटीत. तिनं डोंगर पाहिला होता तो लांबून निळा दिसणारा. त्या वाडीला पोचायला पहिल्यांदा घाट चढताना ती अर्ध्या वाटेत खाली बसली आणि रडायला लागली, की मला घरी जायचंय. दुसऱ्या कुणी डोळे वटारले असते. मास्तर तिच्यापुढे चार पावलं जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, "दगड आहे. त्याच्यावर पाय दे." ती उठली. मग दुसरा दगड, मग तिसरा. असं करत करत ती घाट चढून गेली, आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण रडायचं विसरलो. त्या दिवशी तिला नवरा आवडला. तोवर नुसतं लग्न झालं होतं.

चार वर्षं तिथं काढली. मग बदली झाली ती थेट दुसऱ्या टोकाला, पाथर्डी-कर्जतच्या कोरड्या मुलखात. तिथं झाड म्हणून दृष्टीला पडायचं नाही. एका शाळेकडून दुसऱ्या शाळेकडे पाच-पाच कोस माळ तुडवत जायचं, खांद्याला पाण्याची छागल, डोक्यावर ऊन. तिथं हाका बदलल्या. "सराटे." "भेग." "पुढे सावली आहे." ही शेवटची हाक मास्तर पुष्कळदा खोटी द्यायचे. सावली नसायचीच. पण ती आहे म्हटल्यावर लिडियाबाईंचे पाय अर्धा कोस जास्त चालायचे, आणि मग त्या पाणी प्यायला बसल्यावर नवऱ्याला जे काय सुनवायचं ते सुनवायच्या. त्या उन्हात त्यांनी गर्भगिरीची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवली. कामासाठी चालता चालता चालण्याचीच गोडी लागली, ती चाळीस साली मास्तर रिटायर झाले तरी सुटली नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. राजूरकडे होते तेव्हा शाळेच्या अंगणातून रतनगड दिसायचा, आणि गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार पडलेलं एक भोक. त्याला नेढं म्हणतात. त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. मास्तर एकटे तिथं तीनदा जाऊन आले होते. तुला नेढ्यात नेऊन बसवीन, दोन्हीकडून वारा लागतो, असं ते बायकोला सांगायचे. पहिल्या वर्षी ताप आला. दुसऱ्या वर्षी दानीएल पोटात होता. तिसऱ्या वर्षी तो अंगावर पीत होता. चौथ्या वर्षी बदलीचा हुकूम आला. मग संसार, पोरं, शाळा. दर हिवाळ्यात रतनगडाचं नाव निघायचं आणि दुसराच एखादा डोंगर जवळ पडायचा. लिडियाबाईंनी त्याची आठवण कधी करून दिली नाही. मास्तर मात्र स्वतःच स्वतःला बोल लावत राहिले.

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात लिडियाबाईंच्या ध्यानात आलं, की मास्तर घरातल्या घरात ठेचकाळतात. पायाशी ठेवलेला तांब्या लाथाडतात. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. ताटातली भाकरी हाताला सापडते, पण बाजूची वाटी सांडते. बरं, नजर गेली म्हणावं तर रविवारी ख्रिस्ती देवळात शेवटच्या बाकावरून समोरच्या फळ्यावरचे गीतांचे आकडे घडाघडा वाचतात, उंच आभाळातली घार दाखवतात. हे काय गौडबंगाल, त्यांना कळेना. आणि मास्तर ताकाला जाऊन भांडं लपवणारे. तांब्या लाथाडला तर तांब्यावरच चिडायचे.

शेवटी ऑगस्टात लिडियाबाईंनी दानीएलला धरलं. हा त्यांचा थोरला, कचेरीत कारकून, बापाला पुण्याला डोळे दाखवायला घेऊन गेला होता. बाबांनी आल्यावर नुसतं सांगितलं होतं, की चष्मा बदलायचाय. दानीएलनं आधी आढेवेढे घेतले, मग आईसमोर खाली मान घालून सगळं सांगितलं. काचबिंदू. त्याला आता इलाज नाही. कडेकडेनं अंधार आत येत चाललाय, आणि मध्ये जेवढं उरलंय तेवढंच दिसतं, नळीतून बघावं तसं. लांबचं शिखर दिसेल, पायाखालचा दगड दिसणार नाही. उरलेलंही वर्षा-दोन वर्षांत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. आणि आईला सांगणार नाहीस असं बाबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

लिडियाबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. इथं कुणी म्हणेल, की बायकोनं सरळ विचारायला काय हरकत होती? पण त्या आपल्या माणसाला ओळखून होत्या. मला ठाऊक आहे असं म्हटलं, की मास्तर काठी कोपऱ्यात ठेवतील, दारातल्या बाजेवर बसतील आणि पुन्हा उठायचे नाहीत. त्यांना दुसऱ्याच्या हाताला धरून चालता यायचं नाही. आयुष्यभर पुढे चालून वाट सांगणारा तो माणूस. म्हणून त्या गप्प बसल्या. तांब्या मात्र पायात येणार नाही असा ठेवायला लागल्या.

नोव्हेंबरात मास्तर म्हणाले, यंदा रतनगड. सुनेनं, कृपानं, हातातलं काम खाली ठेवलं. दानीएल तर पेटलाच. या वयात, तेवढ्या लांब, मोटारींचा भरवसा नाही, पेट्रोल मिळत नाही, एक ना दोन सतरा कारणं त्यानं सांगितली, फक्त खरं तेवढं सोडून. मास्तर ऐकत राहिले. सगळ्यांना वाटलं, लिडियाबाई तरी अडवतील. त्या म्हणाल्या, मी दशम्यांचं पीठ दळून आणते. दानीएलनं आईला मागल्या दारी गाठलं आणि विचारलं, सगळं माहीत असून तू जातेस? त्या म्हणाल्या, माहीत आहे म्हणूनच जाते रे बाबा. पुढच्या वर्षी त्यांना नेढं दिसायचं नाही.

डिसेंबरात ती दोघं निघाली. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, घाट आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. दोन दिवसांनी राजूर आलं, मग शेंडी गाव. पुढे भंडारदऱ्याच्या तळ्याच्या काठाकाठानं रतनवाडीपर्यंत दिवसभराची चाल. मास्तरांची जुनी वाट धरणाच्या पाण्याखाली गेली होती, तरी नवी वाट रुंद आणि सपाट होती म्हणून निभावलं. संध्याकाळी रतनवाडीत भागूबाई नावाच्या एका कोळ्याच्या विधवेकडे उतरले. तिचा भाऊ मास्तरांच्या शाळेत होता, त्यामुळं ओळख निघाली. तिनं नाचणीची भाकरी घातली आणि विचारलं, वर न्यायला कुणी देऊ का बरोबर? पावसानं वाट लई खराब झालीया. मास्तर म्हणाले, नको बाई, वाट माझी पाठ आहे.

सकाळी प्रार्थना करून दोघं निघाली. पहिल्यांदा ओढा, मग दाट जंगल. मास्तर पुढे, लिडियाबाई मागे, पण त्या दिवशी चार पावलांची दोनच केली. मास्तरांच्या हाका चालू होत्या, आवाज तोच खणखणीत. पण लिडियाबाईंना लगेच कळलं, की आधी काठी दगडाला लागते आणि मग "दगड" ही हाक येते. जिथं काठी लागत नाही तिथं हाकही नाही. काटेरी फांदी डावीकडून गालाला ओरबाडून गेली, त्यांनी नुसता गाल पुसला. आठवणीवर आणि काठीवर माणूस डोंगर चढत होता. एकदा वाटलं, आत्ता सांगावं, बस झालं, फिरा माघारी. पण समोर झाडी विरळ झाली, वर कातळावर नेढं दिसलं आणि मास्तर थांबून म्हणाले, "ते बघ, दिसतंय." लांबचं त्यांना खरंच दिसत होतं. आवाजात असा आनंद, की बाईंच्यानं तोंड उघडवेना.

जंगल संपल्यावर वाट कातळकड्याच्या पोटातून आडवी जाते. डावीकडे कातळ, उजवीकडे खोल दरी. मास्तरांना ही वाट पाठ होती. दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद, असं ते आदल्या रात्री जेवताना म्हणाले होते. ती तशी होती तीस-पस्तीस वर्षांपूर्वी. त्या पावसाळ्यात तिची बाहेरची कड ढासळली होती. एका वळणापाशी चार-पाच हात लांबीत वाट वीतभरच उरली होती, कातळाला चिकटून. मास्तर ताठ मानेनं, समोर बघत वळणावर आले आणि हाक दिली, "सरळ ये. वाट चांगली आहे."

लिडियाबाईंना तुटलेली कड दिसली. स्पष्ट दिसली. थांबा एवढं म्हणायचं होतं. पण सदतीस वर्षांची सवय, मागच्यानं बोलायचं नाही. जीभ उचललीच नाही. एक क्षण गेला, आणि तेवढ्यात मास्तरांचा उजवा पाय पोकळीत पडला.

नशीब एवढंच, की ते डावीकडे, कातळावर कोसळले. काठी हातातून सुटली आणि दगडांवर आपटत, आवाज करत खाली खाली गेली. एक पाय दरीवर लोंबकळत होता. बाईंनी मागून कोटाची कॉलर धरली आणि आपण कातळाला पाठ देऊन बसल्या, ओढत ओढत त्यांना मागे घेतलं. मग दोघंही तिथंच बसून राहिली. मास्तरांच्या गुडघ्याला खरचटलं होतं, आणखी काही झालं नव्हतं. काठीचा आवाज केव्हाच थांबला होता.

गुडघा चोळत मास्तर म्हणाले, "लिडिया, मला पायाखालचं दिसत नाही."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी मान वळवली आणि कधीपासून ठाऊक आहे म्हणून विचारलं. ऑगस्टपासून, दानीएलला दोष देऊ नका, मीच त्याला खोदून विचारलं, असं त्यांनी सांगितलं. मास्तरांना राग आला. लपवल्याचा नव्हे, दुसराच. ठाऊक होतं तर माझ्या मागून कशाला चाललीस, मी आंधळा सांगतो आणि तू त्यावर पाय टाकत येतेस, मी तुला कुठं नेऊन घातली असती याचा विचार केलास का? लिडियाबाईंनी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, तुम्ही सांगता त्यावर मी पाय टाकत नाही. राजूर सोडलं तेव्हापासून माझं मी बघूनच टाकते.

मास्तर सावरून बसले. "मग इतकी वर्षं मी ओरडत काय होतो?"

"मला आवडायचं ऐकायला."

पुसायला काही नव्हतं तरी मास्तर चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, चल, माघारी जाऊ. इथवर आलो हे पुष्कळ झालं. आता तुला हाताला धरून मला खाली न्यावं लागेल.

लिडियाबाईंना तो आवाज ओळखीचा वाटला नाही. दारातल्या बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याचा तो आवाज होता. इथून फिरलो, तर हा माणूस घरी पोचेल तो असाच पोचेल, हे त्यांना स्वच्छ दिसलं. आणि दुसरं, त्याहून टोचणारं, त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी सांगून टाकलं.

"मला कड तुटलेली दिसली होती. तुमचा पाय पडायच्या आधी दिसली. मी बोलले नाही. मागे असले की माझं तोंड मिटतं, मास्तर. आता मी मागे चालणार नाही."

एवढं बोलून त्या उठल्या. आपली काठी मास्तरांच्या हातात दिली. नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि कातळाकडे तोंड करून, पंजांवर, ती वीतभर वाट ओलांडून गेल्या. पलीकडे वाट पुन्हा रुंद होती. तिथं त्या चार पावलं पुढे जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मागे वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. वळलो तर त्यांना वाटेल, ही माझी कीव करते. त्यांनी जमेल तेवढा खणखणीत आवाज काढला.

"वाट वीतभर आहे. तोंड कातळाकडे करा. आधी उजवा पाय."

मागे काही हाललं नाही. खाली कुठंतरी खंड्या ओरडत होता. लिडियाबाई समोरच्या दगडाकडे बघत होत्या आणि मनात देवाचा धावा करत होत्या. आयुष्यात इतकं मागणं त्यांनी कशासाठीच मागितलं नव्हतं, पोरांच्या आजारपणातसुद्धा नाही. हा माणूस उठू दे, एवढंच. एकदा वाटलं, आपण चुकलो, अशा जागी त्यांना एकट्याला सोडून आपण पुढे आलो. मग वहाणेचा चामडी आवाज आला. घासत, थांबत, पुन्हा घासत. त्या बोलत राहिल्या. आता डावा जवळ घ्या. पुन्हा उजवा. हाताला खोबण आहे, छातीच्या उंचीवर. अजून दोन. अजून एक. मग मास्तरांचा श्वास त्यांच्या मानेला लागला.

"फार जवळ आलात," त्या म्हणाल्या. "चार पावलं मागे राहा."

पुढची वाट सोपी नव्हती. कातळात खोदलेल्या पायऱ्या, काही झिजून गेलेल्या, काही मोडलेल्या, मोडल्या जागी गावकऱ्यांनी बांधलेली बांबूची शिडी. पण एक खरं सांगायला हवं, लिडियाबाईंना हाका देता येत नव्हत्या. सदतीस वर्षांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर यायला लागलं. दगड सांगता सांगता त्या गवताचा रंग सांगायच्या, शेवाळ सांगायच्या, हे बघा केवढं फुलपाखरू म्हणायच्या. मास्तरांनी दोन वेळा ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, लिडिया, पायापुरतं सांग, फुलपाखरू काय माझ्या पायाखाली येणार आहे? त्या खुदकन हसल्या. मागून मास्तरही हसले, आणि मग शिडीवर मध्येच थांबून दोघांनाही हसू आवरेना. त्या हसण्यानं बाईंच्या जिवात जीव आला.

दुपारी ती दोघं नेढ्यात पोचली. आत दहा-वीस माणसं बसतील एवढी जागा, आणि वारा असा, की पदर हातात धरून ठेवावा लागला. मास्तरांनी चष्मा नीट बसवला आणि मान एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळूहळू फिरवायला सुरुवात केली. एका वेळी त्यांना ताटाएवढंच दिसत होतं. ते ताट त्यांनी सगळ्या आभाळावरून फिरवलं. हा कळसूबाई, हा अलंग, हा मदन, तो कुलंग, असं नावं घेत, हजेरी घेतल्यासारखं. खालचं तळं लिडियाबाईंनी त्यांना सांगितलं, पलीकडचं कोकण त्यांनी लिडियाबाईंना दाखवलं. मग मास्तरांनी विचारलं, आवडलं का तुला? त्या म्हणाल्या, वारा फार आहे. पण त्यांना फार आवडलं होतं, आणि त्या सुखी होत्या. दोन्हीकडून वारा लागत असताना नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दशमी आणि चटणी खाल्ली.

उतरायला वेळ लागला. उतरणं नेहमीच अवघड. ती वीतभर वाटही पुन्हा तशीच, कातळाकडे तोंड करून, या वेळी आधी डावा पाय टाकत ओलांडली. पण खाली येईतो लिडियाबाईंची जीभ वळणावर आली होती. "पायरी." "मोडकी." "बसून." "मूळ आडवं आहे." जंगलात सूर्य कलला होता, आणि त्यांचा आवाज पार खाली शेतांत ऐकू जात होता. कापणी आटपून घरी चाललेली माणसं थांबून बघायला लागली, की ही बाई कुणाशी बोलत येतीया.

भागूबाईच्या अंगणात पाच-सहा जण जमले होते. वर गेलेली म्हातारी जोडी परत आली का, याची सगळ्यांना काळजी. लिडियाबाई अंगणात शिरल्या. डोंगरावर कुणी बघणारं नव्हतं. इथं माणसं होती, आणि मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्याचं गाव. आता ते आपल्याला ओलांडून पुढे होणार, ताठ मानेनं ओट्यावर चढायला जाणार आणि पडणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. काही बोललो तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा होईल.

मास्तर अंगणाच्या मधोमध थांबले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "लिडिया, पायरी कुठं आहे?"

"समोर, दोन पावलांवर," त्या म्हणाल्या. "एकच आहे. उंच आहे."

मास्तर दोन पावलं चालले, काठीनं पायरी चाचपली आणि ओट्यावर चढून बसले. भागूबाईनं विचारलं, मास्तर, आज मास्तरनी पुढं कशा? मास्तरांनी वहाणा काढल्या, त्या नीट बाजूला ठेवल्या आणि सांगितलं, की माझे डोळे चाललेत बाई. आता ती पुढे असते. पुढच्या साली आम्हाला कळसूबाईला जायचंय, तिकडची वाट कशी आहे ते कुणाला ठाऊक असेल तर हिला नीट सांगा.

माणसं ओट्यावर बसून वाटेचं बोलायला लागली. लिडियाबाई आत चुलीपाशी गेल्या आणि न सांगताच भाकरी थापायला बसल्या. थोड्या वेळानं भागूबाई आत आली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, धूर लागला का वं डोळ्याला?

"नाही हो," लिडियाबाई म्हणाल्या. "रडतेय मी."

भागूबाईनं बरं म्हटलं आणि पिठाचा दुसरा गोळा मळून त्यांच्यापुढे सरकवला.